दोन्ही बाह्या डाव्या

कुसुम आत्याने तहसीलदारीणबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात तिच्या डोक्याबद्दल उघड बोलणं सुरू झालं. त्याआधी वर्षभर तिचे पाय जळत होते, पण पायांबद्दल कोणी बोलत नसे. पाय तिचे होते. ब्लाउज तहसीलदारीणबाईंचा होता. माझे बाबा सौंसरच्या तहसील कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते, आणि त्यांच्या दृष्टीने जगातली दुःखं दोनच प्रकारची होती, साहेबांच्या कानावर जाणारी आणि न जाणारी. दुसऱ्या प्रकारच्या दुःखांसाठी त्यांना कधी वेळ मिळाला नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला मोहगावला दिलं होतं. नवरा पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. तो नागपूरच्या दवाखान्यात वारला, टीबीने गेला असं आम्हाला सांगितलं, आणि तेरवी आटोपल्यावर तिच्या सासरच्यांनी तिला एक ट्रंक आणि शिलाई मशीन देऊन आमच्या दारात आणून सोडलं. मूलबाळ नव्हतं. बाबांनी तिला ठेवून घेतलं, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर दिली.

ते घर मला अजून कानांनी आठवतं. पहाटे बाबांच्या गुळण्या. त्या साऱ्या गल्लीला ऐकू जात आणि तशाच त्या जाव्यात अशी त्यांची इच्छा असावी. मग आईचा स्टोव्ह, बसस्टँडवरून नागपूर-नागपूर, छिंदवाडा-छिंदवाडा अशा कंडक्टरांच्या हाका, आणि दिवस वर आला की ओसरीतलं मशीन. आत्या मशीन चालवायची तेव्हा घरात एक ठेका असायचा. मी आणि माझी मोठी बहीण रेखाताई त्या ठेक्यावर अभ्यास करायचो, वेण्या घालायचो, भांडायचो. स्वयंपाकात आईचा हात कोरडा होता. पण रविवारी आत्या चुलीशी बसली की बेसनाच्या पातोडीचा रस्सा व्हायचा, हिवाळ्यात कोथिंबिरीची सांबारवडी व्हायची, आणि गोळाभातावर ती फोडणीचं तेल असं ओतायची की बाबासुद्धा ताटावरून मान वर न करता जेवायचे. तिला त्यांनी ‘छान झालं’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ते ‘आणखी वाढ’ म्हणायचे आणि तेच कौतुक समजायचं असा आमच्याकडे नियम होता.

पायांची आग आधी तळव्यांना लागली. दुपारी सगळे आडवे झाले की आत्या न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय ठेवून बसायची. पोतं भिजवून त्यावर पाय ठेवायची. अंगावरची चादर पायांना लागली तरी कळवळायची, म्हणून पाय उघडे टाकून झोपायची, भर थंडीतही. मुंग्या चावून राहिल्या म्हणायची, मग म्हणायची की मुंग्या नाहीत, सुया आहेत. मग एक दिवस म्हणाली की पायांत पायच नाहीत. हे वाक्य रेखाताईला आणि मला इतकं विनोदी वाटलं की आम्ही ते महिनाभर वापरलं. आईचं म्हणणं एवढंच होतं की ओले पाय घेऊन ही पुरी फरशी खराब करून राहिली. बाबा तिला एकदा आमच्या गावातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या गृहस्थांपाशी एकच इंजेक्शन होतं आणि सगळे आजार त्या इंजेक्शनच्या सोयीने होत असत. त्यांनी आत्याचे पाय पाहिले नाहीत. वय विचारलं, विधवा आहे हे ऐकलं, आणि बाबांकडे बघून समजूतदारपणे हसले. या वयात बायकांना असं होतं, मन कशात तरी गुंतवा, असं त्यांनी सांगितलं. दोन शहाण्या माणसांचं एका बाईबद्दल एकमत झालं की तिला काही सांगायचा हक्क उरत नाही.

त्यानंतर तिचं चालणं बदललं. पाय फाकवून, जमीन चाचपत चालायची. पायातली चप्पल निघून मागे राहायची आणि तिला पत्ता नसायचा. गल्लीतली पोरं ती उचलून मागून हाका मारायची. मग बोलणं बदललं. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून जायचा. दूध चुलीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत उभी राहायची आणि दूध तिच्या डोळ्यांसमोर उतू जायचं. वरणात मीठ दोनदा, नाहीतर नाहीच. मशीनचा ठेका तुटला. सुईत दोरा ओवायला तिला अर्धी सकाळ लागू लागली. आणि जी बाई पूर्वी घरातल्या प्रत्येकाशी भांडून घ्यायची, ती कशावरच रागवेनाशी झाली. आई बोलली तरी नाही, मी नक्कल केली तरी नाही.

होय, मी नक्कल करत असे. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला घरातलं एकमेव वैज्ञानिक डोकं समजत होते. बेडकाच्या मज्जासंस्थेची आकृती मी वहीत इतकी सुरेख काढली होती की सरांनी ती वर्गात फिरवली. मणक्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या शिरा मी पिवळ्या रंगाने रंगवल्या होत्या. ती वही मी ओसरीत बसून रंगवली, आणि पलीकडे ओल्या पोत्यावर पाय ठेवून आत्या बसली होती, आणि माझ्या त्या वैज्ञानिक डोक्यात या दोन गोष्टी एकदाही शेजारी आल्या नाहीत. बाबांबद्दल मी या प्रकरणात जे काही लिहिणार आहे ते लिहिण्याआधी एवढं माझ्याबद्दल लिहून ठेवते.

बाह्यांचं प्रकरण झाल्यावर बाबांनी मशीनला कुलूप घातलं. तहसीलदारीणबाईंना नवं कापड देऊन आले, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून त्यांच्या दारात हात जोडून आले. मी आत्याला विचारलं होतं, तू हे मुद्दाम करून राहिली का? तिने खूप वेळाने मान वर केली. म्हणाली, “नाही व, वर्षे. मी पाहून राहिली, पण समजून नाही राहिलं.” मी हे उत्तरही रेखाताईला आत्याच्या आवाजात करून दाखवलं.

त्या हिवाळ्यात, संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत, रेखाताईचं पांढुर्ण्याला जमलं. मुलाच्या वडिलांचा संत्र्याचा व्यापार होता आणि चेहऱ्यावर तो सदैव फळ हातात तोलून पाहणाऱ्या माणसाचा भाव होता. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याकडे ठरलं. आत्याने पाहुण्यांसमोर यायचं नाही हे आईने तिला चार वेळा बजावलं, कारण एकदा सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नसे. ती मागच्या खोलीत बसून राहिली. पाहुणे आले, ओटी भरली, पेढे फिरले, मुलाचे वडील बाबांना तहसीलमधलं कुठलंसं काम सांगत होते आणि बाबा ते काम म्हणजे प्रसाद असल्यासारखे ऐकत होते. तेवढ्यात आत्या बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. तिला कदाचित आठवलं असेल की पाहुण्यांना पाणी द्यायचं असतं. एवढं एकच वळण तिच्या हातापायांत शिल्लक राहिलं असेल. ती बैठकीतून शेवटच्या पाहुण्यापर्यंत चालत गेली आणि तिच्या मागे फरशीवर लाल पावलं उमटत गेली.

मागच्या खोलीत एक काचेची बरणी फुटली होती. तिच्या डाव्या तळव्यात बोटभर काच घुसली होती आणि तिला ते कळलेलं नव्हतं. ती पाहुण्यांकडे बघून तांब्या पुढे करत होती. मुलाच्या आईने पाय वर घेतले. मी फडकं घेऊन धावले आणि पहिल्या पावलावर वाकले, तोच बाबा ओरडले, “हात लावू नको त्याले! दूर हो!”

बाबा घरात ओरडत नसत, त्यांना त्याची गरज नसे. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं, स्वतः न्हाणीतून फिनाइलची अख्खी बाटली आणली, ती एकेका पावलावर ओतली, आणि काठीला गुंडाळलेल्या पोत्याने लांबून फरशी पुसली. आत्याकडे कोणी गेलं नाही. तिने खाली पाहिलं, मग स्वतःचा पाय मांडीवर घेऊन काच ओढून काढली, एखाद्या कापडातली टाचणी काढावी तशी. पाहुण्यांना वाटलं, बडे बाबूंना रक्त सहन होत नाही, फार हळवा माणूस. मुलाचे वडील जाताना तसं म्हणालेही. आणि बाबांनी ते स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. लग्न होईपर्यंत कुसुमला बोरगावच्या घरी ठेवायचं. बोरगावला आमचं एक जुनं दोन खोल्यांचं घर बंद पडून होतं. मी तिला बसने न्यायचं, आठ दिवस सोबत राहायचं, मग तिथल्या गड्याच्या बायकोला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगून परत यायचं. रेखाताई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, एकदा माझं लग्न होऊन जाऊ दे, मग तिचं काय करायचं ते करा. ती रडत होती, आणि मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही की नक्की कोणासाठी.

सौंसरहून नागपूरची बस बोरगाववरून जाते. मी बोरगावची दोन तिकिटं घेतली. आत्याला खिडकीशी बसवलं. तिच्या पायाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी होती आणि ती पट्टी भिजलेली होती. मला खरं सांगायचं तर त्या बसमध्ये चढेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. दया आली असं मी लिहू शकते, वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण ती दया नव्हती. मला बाबांच्या त्या फिनाइलचा राग आला होता. काहीतरी असं आहे की जे त्यांना माहीत आहे आणि मला नाही, ही गोष्ट माझ्या शहाणपणाला लागली होती. बोरगाव आलं, कंडक्टरने घंटी मारली, दोन बायका बोचकी घेऊन उतरल्या. कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. मी पुढची तिकिटं मागितली. तो पुटपुटला की आधी सांगायला काय होते. आत्याने मागे जाणाऱ्या बोरगावकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळाने, सावनेरच्या आसपास, विचारलं, “आपलं गाव गेलं का?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “बरं झालं.”

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस रांगेत गेला. आम्हाला एका तरुण डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, केस तेलाने चापून बसवलेले, डोळ्यांखाली जागरण. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खाली बसून आत्याचे दोन्ही पाय हातात घेतले. वर्षभरात ते पाय कोणी हातात घेतले नव्हते. लोखंडी चिमट्यासारखी एक वस्तू टेबलावर आपटून त्यांनी ती गुणगुणती असताना अंगठ्यावर ठेवली, थरथर जाणवते का विचारलं. नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर आत्या दचकली. मग त्यांनी तिला तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, चिमणी, आणि थोड्या वेळाने परत विचारले. आत्याला आंबा आठवला. मूठ, तळहाताची कड, तळहात असं टेबलावर एकापाठोपाठ करायला सांगितलं. जिने हजारो काजं केली होती त्या बाईचा हात मुठीवरच अडून राहिला. तिला घाम आला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, राहू द्या, मला हवं ते कळलं.

मग त्यांनी विचारलं की यजमान कशाने गेले. टीबीने, आत्या म्हणाली. त्यांचे दवाखान्याचे कागद? “दादाजवळ असतीन. तोच होता तिथं.” डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, तिला काही समजत नाही, मलाच सांगा. त्या म्हणाल्या, “रक्त त्यांचं आहे. त्यांनाच विचारेन. हळू सांगितलं की समजतं.” दार लागलं. आत त्या बराच वेळ बोलत होत्या, आणि मी बाहेर, विज्ञानाच्या तीन वर्षांसह, एका बाकावर बसले.

निकालाला चार दिवस होते. आम्ही संध्याकाळच्या बसने बोरगावला उतरलो, म्हणजे बाबांच्या दृष्टीने सगळं हुकमाप्रमाणे चाललं होतं. ते चार दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यात शांत दिवस होते असं म्हटलं तर विचित्र वाटेल. गड्याच्या बायकोने चूल पेटवून दिली, मी भाकरी थापल्या आणि त्या चंद्राच्या सगळ्या कलांच्या झाल्या. चून, म्हणजे पिठलं, आणि भाकर, सोबत शेजारच्या वाडीतली संत्री. आत्या सकाळी उन्हात बसायची आणि तिला सोललेलं संत्रं हातात दिलं की ती एकेक फोड इतका वेळ खायची की ऊन सरकायचं. मी पहिल्यांदाच तिच्या उत्तराची वाट बघायला शिकले. वाट पाहिली की उत्तर येत होतं. तिने सांगितलं की नवऱ्याला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, तो स्वतःच्या हाताकडे कोणाचा आहे म्हणून बघायचा, आणि तिला दवाखान्यात जवळ जाऊ द्यायचे नाहीत; दादाच डॉक्टरांशी बोलायचा. सासूने त्याच्या अंथरुणासोबत त्याचं ताटसुद्धा जाळायला काढलं होतं. पितळेचं ताट कसं जळेल, आत्या म्हणाली, आणि हसली. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

चौथ्या दिवशी आम्ही परत गेलो. या वेळी आत्याने मला सोबत आत बसवून घेतलं. तिनेच तसं सांगितलं. तिला एचआयव्हीची लागण होती, बऱ्याच वर्षांची. डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं ते मी तेव्हापासून अनेकांना समजावलंय, आणि त्यांच्याइतकं सोपं मला कधी जमलं नाही. त्या म्हणाल्या, हा विषाणू रक्तातल्या पेशींवर चढून मेंदूत जातो. मेंदूच्या मुख्य पेशींना तो सहसा हात लावत नाही. तिथे ज्या पहारेकरी पेशी असतात त्यांच्यात मुक्काम करतो. मग ते पहारेकरीच बिथरतात, विष सोडायला लागतात, आणि शेजारच्या चांगल्या पेशी त्या विषाने सुकतात. माणूस वेडा होत नाही, सावकाश होतो. विचार सावकाश, हात सावकाश, मन उठत नाही. पायांचंही तेच. अंगातल्या सगळ्यात लांब शिरा पायाच्या बोटांपर्यंत जातात. तार जितकी लांब तितकी ती आधी खराब होते. म्हणून आग, आणि म्हणून काच घुसली तरी कळत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर माझी वही आली. पिवळ्या शिरा.

आत्या ऐकत होती. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. शेवटी ती म्हणाली, “म्हंजे मी येडी नाही झाली?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही आजारी आहात.”

आत्याने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आजाराचं नाव ऐकून रडते आहे. नव्हती. ती परत परत म्हणत होती की मले वाटलं मी येडी झाली, मले वाटलं मी येडी झाली. इतके महिने ती हे मनाशी धरून बसली होती आणि आमच्यातल्या कोणी तिला नाही म्हटलं नव्हतं.

गोळ्या होत्या. आपल्याकडच्या कंपन्या करू लागल्याने आवाक्यात आल्या होत्या. सरकारकडून फुकट मिळायला आणखी काही वर्षं जायची होती. डोकं बऱ्यापैकी परत येईल, पायांचं वचन देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आणि कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता, म्हणाल्या की यजमान गेले तेव्हाच तपासलं असतं तर शिरांपर्यंत जाऊ दिलं नसतं.

बाहेर बाकावर मी तिच्या पायात चप्पल घालत होते. ती म्हणाली, “वर्षे, त्या दिवशी दादा रक्तापाशी काहून वरडला?”

मी वर पाहिलं. जिचं डोकं गेलं असं सारं सौंसर म्हणत होतं ती बाई माझ्याआधी तिथे पोचली होती.

आम्ही बोरगावला उतरलो नाही. घरी पोचलो तेव्हा दुपार होती. कचेरीला दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती, बाबा ओसरीत लग्नपत्रिकेचा मजकूर तपासत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी आधी गल्लीत कोणी आहे का ते पाहिलं. मी आजाराचं नाव घेतलं. त्यांनी आश्चर्य दाखवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, आणि त्यासाठी मी त्यांना एक गुण देते. ते म्हणाले, हळू बोल. मग त्यांनी सगळं सांगितलं, कचेरीत एखाद्या फाइलीबद्दल सांगावं तसं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना तेव्हाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याच्या बायकोचं रक्त तपासून घ्या असं दोनदा सांगितलं होतं, चिठ्ठी दिली होती. ती त्यांनी नागपूर स्टँडवरच फाडली.

“दोन पोरी होत्या माह्या उजवायच्या,” ते म्हणाले. “गावात समजलं असतं तर कोणं केल्या असत्या? तूच सांग. तुमच्यासाठीच केलं मी हे.”

मला माणसाचा तिरस्कार म्हणजे काय हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं तो रागाचा मोठा भाऊ असेल. तसं नसतं. राग गरम असतो. हे थंड होतं आणि यात बापाचा चेहरा फार स्पष्ट दिसत होता, गुळगुळीत दाढी, कानावरची पेन्सिल, आणि आपण चुकलो नाही याची ती पक्की, कचेरीतली खात्री. त्यांनी आपल्या बहिणीला चार वर्षं हळूहळू विझू दिलं, आणि त्या पापाचा मालक म्हणून माझं आणि रेखाताईचं नाव लिहिलं. पांढुर्ण्याचे लोक गोटमारीच्या जत्रेत एकमेकांना दगड मारतात ते निदान नदीच्या समोरच्या काठावरून मारतात, दिसतील असे.

आई दारात उभी होती. तिला माहीत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती जाईपर्यंत नाही. त्या बाबतीत मी बाबांचीच मुलगी.

आत्या पायरीवर बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं की किती सालं झाली. बाबा म्हणाले, चार. तिने बोटं मोजली, सावकाश, एकेक. मग म्हणाली, “दादा, मले सांगतलं असतं तर मी कोणाले नसतं सांगतलं.”

बाबांनी पत्रिकेचा मजकूर उचलला.

लग्न झालं. धूमधडाक्यात झालं. पांढुर्ण्याच्या लोकांना काही कळलं नाही, आणि त्यांचा मुलगा पुढे माणूस म्हणून बरा निघाला. इतका बरा की रेखाताईने पाच वर्षांनी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग तेव्हाच सांगायचं ना. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केलाय. मी आणि आत्या त्या लग्नात नव्हतो. आम्ही बोरगावच्या घरी राहायला गेलो होतो आणि मग तिथेच राहिलो. मला सौंसरच्या एका शाळेत नोकरी लागली. सकाळची बस, संध्याकाळची बस. बाबा लोकांना सांगत की बहिणीला स्वतंत्र घर दिलंय.

गोळ्यांनी पहिल्या महिन्यात तिला ओकाऱ्यांनी हैराण केलं. त्यातली एक गोळी उलट पायांच्याच शिरा खाते असं पुढे कळलं, ती बदलली. डोकं केव्हा परत आलं ते सांगता येणार नाही. एका सकाळी जेवताना ती म्हणाली की या वरणात मीठ नाही, तुले कोणं मास्तरीण केलं, आणि ताट सरकवून दिलं. मी उठून न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. पूर्वीसारखी चपळाई हाताला आली नाही, बारीक काजं ती पुन्हा करू शकली नाही. पण परकर, उशांचे अभ्रे, पोरांचे झबले ती शिवायची, आणि भांडायचीसुद्धा. पायांची आग राहिली. ती अजूनही चालताना खाली बघते, कारण जमीन आहे की नाही हे तिला डोळ्यांनीच कळतं. आता पांढुर्णा जिल्हा झालाय, गोळ्या दर महिन्याला फुकट मिळतात, तिच्या आजाराचं नाव साऱ्या गावाला कळून जुनं झालंय, आणि मी आत्याच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे.

बाबा मागच्या वर्षी गेले. म्हातारपणाने, अंथरुणात, सेवा करून घेऊन. तेरवीला सौंसरच्या घरी मांडव भरला होता. कचेरीतली जुनी माणसं बोलायला उभी राहिली. अशा वेळी बोलणारी माणसं मेलेल्यापेक्षा स्वतःसाठी जास्त बोलतात. आपणही जाणार आहोत आणि तेव्हा हेच शब्द लागणार आहेत हे त्यांना माहीत असतं. त्यांनी बाबांचं अक्षर वाखाणलं, सचोटी वाखाणली. मग बाबांच्या हाताखाली काम केलेले एक निवृत्त गृहस्थ आत्याकडे हात करून म्हणाले की विधवा बहिणीला बाबूजींनी आयुष्यभर सांभाळलं. तिच्या आजारात थोडा उशीर झाला असेल, पण त्या काळी या बिमारीचं कोणाला काय माहीत होतं? बाबूजींना तरी काय माहीत होतं?

लोकांनी माना हलवल्या. मी ओठ आवळून बसले होते आणि माझ्या डोक्यात वाक्यांची जुळवाजुळव चालली होती, कोणतं अधिक लागेल याची.

आत्या सतरंजीवर बसली होती, पायांत लोकरीचे मोजे. तिने त्या गृहस्थांकडे पाहिलं. ती अजूनही उत्तर द्यायला वेळ घेते, आणि ज्यांना हे ठाऊक नाही ते तेवढ्यात पुढचं बोलायला लागतात. तेही लागले होते.

“त्याले माहीत होतं,” आत्या म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. गृहस्थ थांबले. आत्याने हात पुढे केला, मी तिला उठवलं, आणि खाली जमिनीकडे बघत, एकेक पाऊल टाकत, आम्ही दोघी बाहेर आलो.